पडद्यावरचा बाप्पा

साहेब, पूर येणार हे तुम्हा प्रशासनाला माहीत होतं. यमुना चढतेय म्हणून गल्लोगल्ली भोंगे फिरवून तुम्हीच आम्हाला घराबाहेर काढलंत. फरीदाबादच्या समाजभवनात आणून टाकलंत, पाण्याचा टँकर उभा केलात, फोटो काढलेत. संडास मात्र दिला नाहीत. भवनातला होता तो तुंबून वर आलेला. पुरुष बायपास रस्त्यापलीकडे उघड्यावर जायचे. बायकांनी पाणी पिणंच सोडलं.

माझ्या धाकट्या भावाची, पुष्करची बायको सुखदा आठव्या महिन्यात होती. ओठ फुटलेले, पोटात कळा. तपासायला आलेली नर्स म्हणाली, "पानी पियो, नहीं तो डिलिव्हरी यहीं हो जाएगी." सुखदाने मान हलवली आणि पेला बाजूला ठेवला.

आमच्या गणेश मंडळाचं सामान भवनाच्याच माळ्यावर असतं. पुष्करने आणि मी ते उतरवलं. हातपंपापासून लांब, उंचवट्यावर खोल खड्डा खणला, वर फळ्या टाकल्या, मांडवाचे बांबू रोवून चहूबाजूंनी पडदे बांधले. बाहेर महाप्रसादाचं नळवालं पिंप भरून ठेवलं, साबण ठेवला.

एकही बाई आत गेली नाही.

"आता काय झालं, यार?" पुष्कर वैतागला.

मंडळाच्या नीलाकाकू पडद्यांकडे बघत होत्या. "अरे, डोळे आहेत ना? चारही बाजूंनी बाप्पा उभा केलात. त्याच्या मागे जाऊन बसायचं कुणी?"

खरंच की. प्रत्येक पडद्यावर छापलेला बाप्पा, हात वर करून आशीर्वाद देत.

"उलटे बांधतो," मी म्हणालो.

"म्हणजे तो आत बघणार. शाबास."

काकूंनी स्वतः माळ्यावरून मंडळाच्या नाटकाचा काळा पडदा ओढून काढला. "हा बांधा. याच्याकडे कधी कुणी बघितलं नाही."

काकूंचा हात धरून सुखदा पहिली आत गेली. बाहेर आली, साबणाने हात धुतले आणि म्हणाली, "पाणी आहे का?" पेला रिकामा केला, पुन्हा पुढे केला. मागे बायकांची रांग लागली. संध्याकाळपर्यंत कळा थांबल्या. नर्सने पोटाला हात लावून बघितलं, म्हणाली, "अब ठीक है." पुष्कर पायरीवर बसला तो उठेचना.

"रडतोस काय," सुखदा म्हणाली. "पिंप भर जा."

बाळ दिवस भरल्यावर झालं, हॉस्पिटलात. छान आहे, रात्रभर जागवतं.

यमुना पुन्हा चढेल. काळा पडदा आम्ही धुऊन ठेवलाय, पण तो नाटकाचा आहे. तुमचा संडास कुठे उभा राहणार, आणि पाणी यायच्या आधी की नंतर? उत्तर द्या. लेखी.