डावीकडचे वळण

मित्रांनो, मोटरसायकलच्या दोन्ही मुठी ज्या वाकड्या नळीवर बसतात, ती नळी म्हणजे मी, एक जुने हँडल. कारखान्यात यंत्राने मला वाकवले आणि वर चकचकीत मुलामा चढवला. तेव्हापासून मी एकाच माणसाच्या हातात होते. तो घरोघरी खिडक्यांच्या काचा बसवायचा. त्याच्या तळव्यांनी माझ्या मुठींची नक्षी पार गुळगुळीत केली.

पण मी बुटके. मला धरायला त्याला पुढे वाकावे लागे, आणि वय झाले तशी त्याची कंबर धरू लागली. बायको एकदा म्हणाली, "रोज तेल मी चोळायचं आणि गाडीवर मिरवायचं तुम्ही. ते हँडल तरी बदला." त्याच्याही मनात एक उंच, रुंद, काळेभोर हँडल भरले होतेच.

मेस्त्रीचे दुकान बोळासारखे अरुंद. गाडी आत घेतली की तिची डावी बाजू भिंतीशी जाई. मला काढून खिळ्याला टांगले आणि नवे हँडल बसवले. जुन्याच केबली ताणून त्यावर नेल्या. मेस्त्रीने हँडल उजवीकडे पूर्ण वळवून पाहिले. ठीक. डावीकडे वळवायला गेला, तर पुढचे चाक भिंतीला अडले.

"इकडे चालतंय म्हणजे तिकडेही चालणार," तो म्हणाला. "न्या आता. राजासारखे बसाल."

मूठ पिळली की जी ओढली जाऊन इंजिनाला वेग देते, ती एक्सलरेटरची केबल मला खिळ्यावरून दिसत होती. ताणलेल्या दोरीसारखी. पण लोखंडाला तोंड कुठले?

त्याच्या लेकीच्या शाळेला तेव्हा सुट्टी होती. काही दिवसांनी तो तिला मागे बसवून दुकानावर आला. पाठ ताठ, चेहरा खुललेला.

"मेस्त्री, कंबर आहे हेच विसरलो. आणि वळणावर गाडी काय उसळी घेते!"

"बाबा, तुम्ही मूठ पिळत नाही," लेक म्हणाली, "तरी डावीकडे वळलं की ती ओरडते."

"अगं, गाडी खूश आहे."

मेस्त्रीही हसला. मला हसू येईना. मोठ्या रस्त्याच्या वळणाला हँडल जेमतेम हलते. शाळेच्या फाटकात शिरताना मात्र ते डावीकडे टोकापर्यंत न्यावे लागते, आणि तिथे मुलांची रांग असते. इतकी वर्षे ते वळण मीच घेत आले होते. शाळा सोमवारी उघडणार होती.

सोमवारी गाडी हातगाडीवर घालून आणली. फाटकात वळताना तिने आपणहून झेप घेतली होती. रांगेतली मुले वाचवायला त्याने ती भिंतीवर घातली. त्याचा पाय मोडला, लेकीचे मनगट.

मेस्त्रीने गाडी रस्त्यावरच उभी केली, चालू केली आणि हँडल पहिल्यांदाच डावीकडे पुरते वळवले. इंजिन किंचाळले. तो तिथेच उकिडवा बसून राहिला.

मित्रांनो, आराम हवा, रूपही हवे. खुशाल नवे हँडल बसवा. पण उंच हँडलला लांब केबली लागतात; आखूड केबल वळताना ओढली जाते आणि मूठ न पिळताच गाडी धावते. घरी नेण्याआधी ते मोकळ्या जागेत दोन्हीकडे टोकापर्यंत वळवा. आणि मागे बसलेले कोणी काही सांगत असेल, तर हसू नका.

पाय बरा झाल्यावर तो गाडी न्यायला आला. मला पुन्हा बसवले होते. लेक बरोबर होती.

"बस," तो म्हणाला.

तिने मला धरून डावीकडे वळवले, मग उजवीकडे, आणि कान देऊन ऐकले. आवाज एकसारखाच होता.

"आता तरी बसशील?"

"तुम्ही व्हा पुढे, बाबा," ती म्हणाली. "मी चालत येते."