कुणीच न म्हटलेली ओळ

माझ्या अंगावर पाच ओळी होत्या. पहिलीत आठ शब्द, दुसरीत सहा, तिसरीत चार, चौथीत चार आणि पाचवीत दोन, एकूण चोवीस. लांबी साडेतीन फूट, रुंदी दोन फूट. वरच्या आणि खालच्या कडेला बांबूची एकेक काडी, टांगायला एक सुतळी. मित्रांनो, इंग्रजीतल्या साहाय्यकारी क्रियापदांचा तक्ता म्हणून मी जन्माला आलो, तेव्हाची माझी मोजदाद ही अशी होती.

माझं कापड म्हणजे दुष्काळात आमच्या बोरी गावात मदत म्हणून आलेल्या पिठाचं पांढरं पोतं. नागनाथ सर तेव्हा शाळेत नवे होते. ते शिकले होते रसायनशास्त्र. पण इंग्रजीला शिक्षक नव्हता, म्हणून तो विषयही त्यांच्याकडे आला. त्यांनी पोतं उसवलं, धुतलं, चिंचोक्याची खळ लावून ताठ केलं आणि काळ्या रंगाने शब्द लिहिले. अशा खळीत थोडं मोरचूद घालतात, म्हणजे कीड लागत नाही. पण शाळेतली मोरचुदाची बाटली रिकामी होती. "पुढच्या महिन्यात मागवू," असं सर म्हणाले, आणि ते राहूनच गेलं.

सर मुलांना सांगत, "मुख्य क्रियापद काम सांगतं. ते काम चाललंय की होऊन गेलंय, करता येतं की करावंच लागतं, हे त्याच्या जवळचा छोटा शब्द सांगतो." मग तासाच्या अखेरीस त्यांची छडी माझ्यावरून फिरे आणि मुलं पाढ्यासारखी म्हणत, "ॲम, इज, आर, वॉज, वेअर..." तपासणीला आलेले साहेब एकदा माझ्यापुढे बराच वेळ उभे राहिले होते. त्या दिवशी मला नवी सुतळी मिळाली.

दाराबाहेर सगुणाबाई ऐकत असत. शाळेची घंटा आणि झाडलोट त्यांच्याकडे होती. मॅट्रिकला त्या बाहेरून दोनदा बसल्या होत्या. बाकी सगळे विषय सुटले होते. इंग्रजी राहिलं होतं. पहिल्यांदा अठ्ठावीस गुण, दुसऱ्यांदा एकतीस. पास व्हायला पस्तीस लागत. त्यांना परभणीला नर्सचं शिक्षण घ्यायचं होतं. तिथे मॅट्रिक पास लागे, आणि वय पस्तिशीच्या आत.

चौऱ्याहत्तर साली नागनाथ सरांना परभणीच्या कृषी विद्यापीठात नोकरी लागली. मला गुंडाळून कपाटावर ठेवलं गेलं. झुरळांनी खळ खाल्ली, मग उंदरांनी कापड खाल्लं. दोन वर्षं मला कुणी उलगडून पाहिलं नाही.

शहात्तरच्या दिवाळीनंतर सगुणाबाई मुख्याध्यापक किशनरावांकडे गेल्या. "सर, त्यो तक्ता घरी नेऊ का? औंदा शेवटची बारी हाय. पुढल्या दिवाळीला पस्तीस भरतील मला."

"न्या की, बाई! न्हाई तरी तिथं उंदरंच इंग्रजी शिकायलेत."

घरी त्यांनी मला भिंतीला लावलं. माझ्या वरच्या तीन ओळी शिल्लक होत्या. म्हणजे अठरा शब्द. चौथी ओळ त्यांनी मुलांच्या तालावर आठवून काढली: कॅन, कुड, मे, माइट. बावीस झाले. पण सर तर नेहमी चोवीस म्हणायचे. उरलेले दोन काही केल्या आठवेनात.

त्यांनी शाळेतल्या मोठ्या मुलींना गाठलं. "सरांच्या तक्त्यातली शेवटची ओळ काय होती गं?"

मुली एकमेकींकडे बघून हसल्या. चांगुणा म्हणाली, "बाई, ती ओळ आली की तुमी टोला द्यायच्या! आमी दप्तर उचलून पळायचो. कुणी म्हणलीच न्हाई ती."

 सगुणाबाईंचा टोला कधी मिनिटभरही चुकला नव्हता. माझ्याही तेव्हाच ध्यानात आलं: ती ओळ माझ्या अंगावर होती, पण कुणाच्या तोंडी कधी आलीच नव्हती.

रविवारी एसटीने, मला काखेत धरून, त्या परभणीला सरांच्या घरी पोचल्या. "जयभीम, सर," म्हणाल्या आणि मला टेबलावर पसरलं.

सरांनी कुरतडलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "मोरचूद घातलं नव्हतं. चूक माझी."

"ऱ्हाऊ द्या, सर. मी तरी कुटं दोन मिनिटं थांबले?"

सरांनी वही ओढली. "मस्ट आणि ऑट टू, हे ते दोन. आता समजून घ्या. तुम्हाला घंटा वाजवता येते, तिथं कॅन. वाजवायची परवानगी आहे, तिथं मे. वाजवायला हवी, तिथं ऑट टू. आणि वाजवलीच पाहिजे, तिथं मस्ट."

बाई म्हणाल्या, "मग सर, माझ्या नोकरीत सगळं मस्टच हाय. कॅन अन् मे लय कमी."

सर हसले नाहीत. त्यांनी मला नवं कापड जोडलं. शिजवलेल्या खळीत काट्यावर तोलून मोरचूद घातलं आणि दोन्ही ओळी पुन्हा लिहिल्या. निघताना बाईंनी पाचवी ओळ आधी म्हणून दाखवली, मग पहिली. सबंध हिवाळाभर त्या माझ्यापुढे तशाच म्हणत राहिल्या, शेवटाकडून सुरुवातीकडे, आणि दर शब्दाला आपल्या दिवसातलं एक वाक्य करत.

मित्रांनो, गुंडाळून उंचावर ठेवलं म्हणजे वस्तू जपली, असं होत नाही. तिला अधूनमधून उलगडून पाहा, ऊन दाखवा, कुठे कीड लागली आहे का ते तपासा. आणि तुमच्या शाळेत एखाद्या भिंतीवर माझ्यासारखा तक्ता असेल, तर त्याची शेवटची ओळसुद्धा मोठ्याने म्हणा. दाराबाहेर कुणी ऐकत असेल.

सत्त्याहत्तरच्या जूनमध्ये सगुणाबाईंनी गुणपत्रिका आणली आणि माझ्यासमोर उभं राहून वाचली. इंग्रजी, शंभरपैकी एकोणचाळीस.