लहानपणाची साक्ष

छकूची चाळिशी उलटली तरी आईच्या तोंडी ती छकूच, आणि तिच्यामागे लगेच शेपूट: वेंधळी. डबा विसरली, वेंधळी. दूध गॅसवर ठेवून फोनवर बोलत बसली, वेंधळी. शेजारीपाजारी, पाहुणेरावळे, कुणी म्हणून सुटलं नव्हतं. सगळ्यांपुढे आईची हीच टकळी.

चष्म्यांच्या कारखान्यात छकू फ्रेममध्ये काचा बसवायची. हात असा साफ की बघत राहावं. पण शेजारी फोन खणाणला की डाव्या डोळ्याची काच उजवीकडे गेलीच म्हणून समजा. तीनदा माल परत आला, तेव्हा मॅनेजर म्हणाले, "डॉक्टर म्हणतात ना, एडीएचडी आहे, जन्मापासून लक्ष टिकत नाही? मग अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणा. फोनपासून लांब टेबल देतो, ऑर्डरी लिहून देतो. महिनाअखेरपर्यंत आणा. नाहीतर बाई, माझा नाइलाज आहे."

बाकी सगळे कागद जमले. हे लहानपणापासूनचं आहे, असं सांगणारं घरचं माणूस तेवढं हवं होतं. छकूला हसूच आलं. अहो, साक्षीदार तर घरात दिवसभर बोलत होता!

प्रमाणपत्र देणाऱ्या तपासणी मंडळापुढे आई ठेवणीतले कपडे घालून ताठ बसली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "लहानपणी वस्तू हरवायची का? अभ्यास अर्धा टाकून उठायची?"

"छे हो! पोरगी अगदी शहाणी. एका जागी बसून अभ्यास. नाव ठेवायला जागा नव्हती."

छकू आईकडे वळली. "आई, अगं खरं सांग ना!"

"खरंच सांगतेय."

डॉक्टरीणबाईंनी अर्जावर रेघ ओढली. "लहानपणी लक्षणं नसतील तर नाही देता येत."

बाहेर जिन्यात छकूनं आईचा दंड धरला. "जन्मभर जगापुढे मला वेंधळी म्हणालीस. आज एकदा म्हणायचं होतंस, तेवढं जड झालं? लाज वाटली माझी?"

"तुझी कशाला वाटेल?" आईनं कठडा धरला. "पट्टी मोडेपर्यंत मारलंय मी तुला. मुद्दाम करतेस म्हणून मारलं. ते मुद्दाम नव्हतंच, असं आता कुठल्या तोंडानं सांगू?"

तुम्हाला वाटेल, इथं छकूचं मन विरघळलं. कसलं विरघळतंय! आईला तिथंच सोडून ती एकटी जिना उतरली.