तिसरं प्रकरण

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, पण निदान लग्नाची तारीख तरी ठरलेली असते. तिच्या प्रबंधाचं घोडं सात वर्षं तिसऱ्या प्रकरणातच अडलं होतं. सासूबाई म्हणायच्या, "अगं, बाळंतपणसुद्धा नऊ महिन्यांत उरकतं. तुझे हे डोहाळे कसले सात वर्षांचे?" ती हसून सोडून द्यायची. आता हसू येत नव्हतं. नोंदणीची मुदत शुक्रवारी संपत होती. त्याआधी मार्गदर्शक सरांची सही मिळाली नाही, तर विहिरींच्या खारटपणावरचं सगळं काम रद्दीत जाणार होतं.

सरांची पद्धत जुनी. छापील प्रत पेन्सिलीने तपासायची, खाली तारीख घालायची, आणि न वाचलेल्या कागदावर मेलं तरी सही करायची नाही. तीही अशी आज्ञाधारक की बघणाऱ्याला राग यावा. सरांनी खोडलं की खोडायचं, घाला म्हटलं की घालायचं. डोकं चालवायचं कामच नाही.

रविवारी जुने खर्डे उपसताना तिला ते दिसलं. दोन वर्षांपूर्वी, 'तक्ता शेवटी न्या.' गेल्या वर्षी, 'तक्ता सुरुवातीला आणा.' गेल्या महिन्यात, 'शेवटी न्या.' ये रे माझ्या मागल्या! अक्षर सरांचं, तारखाही सरांच्या. सरांना आठवत नव्हतं. तिला लाज वाटावी असा आनंद झाला. म्हणजे चूक तिची नव्हती!

विभागप्रमुखांना सांगावं, तर नवा मार्गदर्शक, नवी नोंदणी, पुन्हा श्रीगणेशा. म्हणून सोमवारी सकाळी ती थेट सरांच्या खोलीत गेली आणि तिन्ही पानं त्यांच्यापुढे ओळीने मांडली. सर शहाणे आहेत, घोळ दिसला की आहे तसं मंजूर करतील, असा तिचा हिशोब. इथेच ती फसली.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"अक्षर माझंच आहे. कोणाला दाखवलंस?"

"कोणालाच नाही, सर. तुम्ही फक्त सही करा. कुणाला कळायचं नाही."

तिने सहीसाठी आणलेलं प्रमाणपत्र त्यांनी पुढे ओढलं आणि मोठ्याने वाचलं, "हा प्रबंध मी संपूर्ण वाचला असून..." ते थांबले. "वाचलाय का गं मी?"

"अकरा वेळा, सर."

"मला तर एकदाही आठवत नाही. मग असं कसं लिहून देऊ?"

तिला रडू फुटलं. सर ओशाळले. त्यांनी प्रमाणपत्र बाजूला सारलं.

"रडू नकोस, पोरी. शुक्रवारपर्यंत वेळ आहे ना? मी पहिल्या पानापासून वाचतो, तुझ्यासमोर. वाचून झाला की सही. शब्द माझा."

तिने डोळे पुसून खुर्ची ओढली. सर खरंच मन लावून वाचत होते. नवव्या पानावर म्हणाले, "छान मांडलंयस." सात वर्षांत पहिल्यांदा. तिला इतकं बरं वाटलं की स्वतःचीच कीव आली.

तेवढ्यात फोन वाजला. घरून सरांच्या बायकोचा होता, गोळ्या घेतल्यात का म्हणून. सर "हो, हो" म्हणाले. फोन ठेवून त्यांनी कागद नीट जुळवले, पहिलं पान उघडलं आणि वाचायला लागले.

'नववं चालू होतं, सर,' असं सांगायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. पानं तीनशे बारा होती. ती बसून राहिली. उठून जायचं तरी कुठे?