भरतासाठी अडलेली मुंबई

देश स्वतंत्र होऊन दहा वर्षं झाली, आता तरी मुंबई बघू, असं सावद्याच्या चुडामण पाटलांनी थंडी पडताच जाहीर केलं. उतरायचं मेहुण्याच्या चाळीत. त्यांच्या पत्नी कुंदाबाई म्हणाल्या, "भावाकडे जायचं तर भरताची वांगी न्यायला हवीत." पोतं भरलं.

"भाजणार कशावर?"

"त्याच्याकडे स्टोव्ह आहे की," पाटील म्हणाले.

कुंदाबाईंनी नाक मुरडलं. भरीत खावं ते कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं. सख्ख्या भावाच्या ताटात रॉकेलचा वास कसा वाढायचा? मग पऱ्हाट्यांचे भारे आले. पण तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत जाळ केला तर आगीचा बंबच यायचा.

"चौपाटीवर भाजू. समुद्रही बघून होईल," पाटील काकुळतीला आले.

"वाळूत वांगी? त्यापेक्षा भावालाच इकडे बोलवा."

मेहुणा आला तो अख्खी चाळ घेऊन. वांगी भाजायच्या आतच मळ्यात रांग लागली, केळीच्या पानांवरून भांडणं जुंपली, आणि पाटलांना स्वतःच्याच बांधावर बूड टेकायला जागा उरली नाही.

उभ्यानंच घास घेत ते बायकोला म्हणाले, "मुंबई बघून झाली. दिल्लीत तुझं माहेरचं कोणी नाही ना?"