इस्पिकच्या रांगेतली किलवरची दश्शी

मी किलवरची दश्शी बोलतेय. एक्का नाही, राणी नाही, साधी दश्शी. तरी माझ्याकडे बघून लोकांनी टाळ्या वाजवल्या आहेत, दसऱ्याला माझ्यावर झेंडूचं फूल ठेवलं आहे. दर वेळी मला वाटायचं, कुणीतरी मला उचलावं आणि पालथं घालावं. लाज म्हणजे काय, ते मला विचारा.

माझा जन्म कुठल्या छापखान्यात झाला ते ठाऊक नाही. जाग आली तेव्हा मी कलकत्त्यात, गार्डन रीचच्या एका सरकारी क्वार्टरमध्ये होते. मालक शरच्चंद्र पाटणकर. बदल्या होत होत इतक्या लांब आलेले. माणूस भला, पण आपल्याला कुणी मोजत नाही हे मनात धरून बसलेला. त्यांची बायको वृंदा हसतमुख आणि तरतरीत. रमीत तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत ओळखीची मराठी कुटुंबं पाटणकरांकडे जमायची. चकलीच्या शेजारी ताटलीत संदेश ही बंगाली मिठाई असायची, मुलं आपापसात बंगालीत भांडायची आणि पुरुष सतरंजीवर पत्ते कुटायचे. पैसे लावायला वृंदावहिनींची बंदी, म्हणून चिंचोके लावायचे. आधी नुसती तीन पत्ती चाले. पोकर आणलं गुरुदत्त माजगावकरांनी. ते बरीच वर्षं बोटीवर इंजिनिअर होते आणि आता इथे जहाजबांधणीच्या कामावर होते. शरच्चंद्रांचे कलकत्त्यातले पहिले आणि खरं तर एकमेव मित्र.

शिकवताना वाद झालाच. तीन पत्तीत सीक्वेन्स रंगापेक्षा मोठा, मग पोकरमध्ये रंग मोठा कसा, असं शरच्चंद्रांचं म्हणणं. गुरुदत्तांनी शांतपणे सांगितलं, "अरे शरद, तीन पानांत ओळ लागणं रंगापेक्षा अवघड असतं. पाच पानांत सगळी एका रंगाची येणं ओळीपेक्षा अवघड. जे अवघड ते वर." मग त्यांनी पायऱ्या सांगितल्या. जोडी, दोन जोड्या, तीन सारखी, मग सीक्वेन्स, त्यावर रंग. रंगाच्याही वर फुल हाउस, म्हणजे तीन एकसारखी आणि उरलेल्या दोन पानांची जोडी. मग चार सारखी. आणि पार वर एकाच रंगाचा सीक्वेन्स. त्यातही एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी एका रंगात आले तर ती रॉयल फ्लश. तिच्यावर काही नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर शरच्चंद्रांच्या हाताखालच्या माणसाला बढती मिळाली आणि ते होते तिथेच राहिले. पाहुणे आले ते जरा जपूनच बोलत होते. कचेरीचं नाव कुणी काढत नव्हतं, आणि काढत नाहीत हे शरच्चंद्रांना कळत होतं. संध्याकाळी डाव रंगात आला आणि दिवे गेले. लोडशेडिंगची सवय होती, कुणीतरी कंदील आणून मध्ये ठेवला. शरच्चंद्रांच्या हातात इस्पिकचे एक्का, राजा, राणी, गुलाम होते. त्यांनी पाचवं पान टाकून नवं मागितलं. ते नवं पान म्हणजे मी.

त्यांना जवळचं धूसर दिसायला लागलं होतं, पण चष्मा लावला की म्हातारपण आलं, अशी त्यांची समजूत. काळ्या रंगाची दश्शी एवढंच त्यांनी पाहिलं. त्यांनी पाचही पानं पंख्यासारखी मांडली आणि हळू आवाजात म्हणाले, "रॉयल फ्लश आहे ही, गुरू."

समोर गुरुदत्त होते. त्यांच्या हातात उरलेल्या तिन्ही दश्श्या होत्या आणि दोन अठ्ठ्या. फुल हाउस. त्या तीन दश्श्यांत इस्पिकची दश्शी होती. जी मी आहे असं सगळ्यांना वाटत होतं, ती त्यांच्या बोटांत होती. ते वाकले, माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग शरच्चंद्रांच्या तोंडाकडे बघितलं. आपली पानं मिटून त्यांनी गड्डीखाली सारली आणि म्हणाले, "जिंकलास तू."

टाळ्या वाजल्या. वृंदावहिनी स्वयंपाकघरातून पदर खोचून धावत आल्या. शरच्चंद्र इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मात्र मेल्याहून मेले. माझ्यामुळे तो हात साधा सीक्वेन्स होता, फुल हाउसच्या दोन पायऱ्या खाली.

त्याच घटकेला आम्हा पाचजणांना पाकिटात घातलं. खिदिरपूरच्या फ्रेमवाल्याने काच लावून दिली आणि आम्ही बैठकीच्या भिंतीवर गेलो. उरलेला कॅट रबर लावून कपाटात पडला. येणाऱ्याजाणाऱ्याला शरच्चंद्र दाखवायचे, "ही रॉयल फ्लश. आमच्या गुरूला गाडला होता." लोक माना डोलवायचे. एकदा नाव सांगितलं की लोक पानं बघत नाहीत. गुरुदत्त शेजारी बसून चहा पीत असायचे. "गाडला म्हणजे काय, पार पुरला," असं तेही म्हणायचे.

काच पुसता पुसता वृंदावहिनींचा हात एक दिवस थांबला. रमी खेळणाऱ्या बाईपासून किलवर किती दिवस लपणार? फराळाचा डबा परत द्यायला गुरुदत्त आले तेव्हा त्यांनी दारातच विचारलं, "भावजी, ते दहाचं पान इस्पिकचं नाही ना?"

"नाही, वहिनी."

"तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच वेळी. इस्पिकची दश्शी माझ्या हातात होती."

वहिनींनी डबा हातात घेतला. मग म्हणाल्या, "आणि यांनी तुम्हाला चारचौघांत इतकं चिडवलं ते?"

"चिडवू दे हो. त्याची चूक प्रामाणिक आहे. त्या दिवशी त्याला जिंकायची गरज होती, मला नव्हती."

मीही त्याच शब्दांवर जगत होते. चूक होती, पण प्रामाणिक होती.

काही वर्षांनी कचेरीतले कागद वाचता येईनात, तेव्हा शरच्चंद्रांनी मुकाट्याने चष्मा केला. नवा चष्मा लावून घरभर हिंडले, कॅलेंडर वाचलं, औषधाच्या बाटल्या वाचल्या आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. किती तरी वेळ उभे होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला वाटलं, सुटले. आता हे गुरुदत्तांकडे जातील, "अरे, मी गाढव," म्हणतील, दोघं पोट धरधरून हसतील आणि मला एकदाची माझी जागा मिळेल.

वहिनी भाजीला गेल्या होत्या. शरच्चंद्रांनी फ्रेम उतरवली, मागचे खिळे काढले, मला बाहेर ओढलं. कपाटातला जुना कॅट काढून त्यातून इस्पिकची दश्शी निवडली आणि माझ्या जागी बसवली. खिळे पुन्हा ठोकले. मला फाडायला घेतलं, पण फाडवलं नाही. सदऱ्याच्या खिशात टाकलं.

त्या दिवसापर्यंत मला माझी लाज वाटत होती. त्या दिवसापासून त्यांची वाटायला लागली, आणि ती जास्त जड आहे.

पुढच्या दिवाळीला सगळे जमले. आजवर शरच्चंद्रांनी कुणाला जवळ जाऊन बघा म्हटलं नव्हतं. त्या दिवशी मात्र म्हणाले, "गुरू, ये ना, चष्मा लावून नीट बघ तुझी वैरीण." मी त्यांच्या खिशातच होते. गुरुदत्त उठले. काचेपाशी गेले. वहिनी चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या, त्यांनीही पाहिलं आणि ट्रेमधले कप किणकिणले.

गुरुदत्त म्हणाले, "हो. आता बरोबर आहे."

बाकीच्यांना त्यात काही वाटलं नाही. शरच्चंद्रांना मात्र सगळं कळलं. गुरूला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि इतकी वर्षं तो हसत ऐकून घेत होता. खिशावर त्यांचा हात आला आणि तिथेच राहिला. गुरुदत्तांनी चहा अर्धाच घेतला आणि त्यानंतर त्या घरी येणं सोडलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांना विशाखापट्टणमला काम मिळालं. हावडा स्टेशनवर शरच्चंद्र पोचवायला गेले, मला खिशात घेऊन. वाटेत ट्रॅममध्ये ते पुटपुटत होते, "गुरू, हे पान तू घे. मी चुकलो." दोन-तीनदा म्हणून पाहिलं. डब्याच्या खिडकीशी उभे राहिले आणि मला अर्धं बाहेर काढलं. गुरुदत्तांना माझा कोपरा दिसला. ते घाईने म्हणाले, "राहू दे, शरद. वहिनींना सांभाळ."

शरच्चंद्रांनी मला परत खिशात ढकललं. सुटका झाल्यासारखा श्वास सोडला. मला त्या वेळी गुरुदत्तांचाही राग आला. पहिल्यांदा सोडून दिलंत ते ठीक, पण या वेळी त्या माणसाला बोलू द्यायचं होतं.

आता मी कपाटात आहे, उरलेल्या कॅटबरोबर. भिंतीवर इस्पिकची दश्शी आहे. वहिनी हल्ली ती काच पुसत नाहीत, तिच्यावर धूळ आहे. शरच्चंद्र रात्रीचं जेवण झालं की पोस्टकार्ड घेऊन बसतात, "प्रिय गुरू" लिहितात आणि पुढे अडतात.

पाटणकर, पुढचं मी सांगते. लिहा, की त्या संध्याकाळी माझ्या हातात सीक्वेन्स होता. तीन सारख्यांच्या वर, रंगाच्या खाली. हरलेला होता, पण माझा होता. एवढं लिहून मला पाकिटात घाला आणि पाठवून द्या.