घोडीखालची हरणं

चित्रकला शिकवणारी बाई घटस्फोटानंतर आपल्या चित्रकार नवऱ्याच्या प्रदर्शनाकडे फिरकणारच नव्हती. पण चित्रदालनाच्या मालकिणीने गळच घातली. चित्रं समजावून सांगण्यात बाईचा हात धरणारं दुसरं कोणी नव्हतं.

मोठ्या चित्रात घोडी आणि तिचं शिंगरू होतं.

“काय माया आहे हो!” एक पाहुणा म्हणाला. चित्रकार सुखावून हसला.

“माया?” बाई म्हणाली. “घोडीचे कान मागे चपटे पडलेत. डोळ्याचं पांढरं दिसतंय. शिंगराभोवतीचा हिरवा रंग शेवाळासारखा कुबट आहे. ही घोडी आता लाथ झाडेल. माया याला रंगवता येत नाही.”

“घरची उणीदुणी इथे नकोत,” चित्रकार दातओठ खात म्हणाला. “रंगांबद्दल बोल.”

“रंगांबद्दलच बोलते.” थर किती जाड आहेत ते दाखवायला ती चित्राच्या कडेला सरकली, तिरप्या उजेडात पाहू लागली आणि जागच्या जागी थिजली. घोडीच्या अंगावरचे फटकारे आडवे होते, पण त्यांच्याखाली जुना वाळलेला रंग उभा फुगला होता. बारीक, उंच पाय. मानेचा बाक. एका भेगेतून विटकरी रंग डोकावत होता. तो तिने स्वतः कालवला होता, आपल्या हरणांच्या चित्रासाठी. घर सोडताना तिने ते चित्र मागितलं, तेव्हा हा म्हणाला होता, कुठे गेलं कोण जाणे.

“माझ्या हरणांवर रंग फासलास तू!”

“धूळ खात पडलं होतं. आणि होतं काय त्यात एवढं?”

“मॅडम, पुढचं चित्र घेऊया ना,” मालकीण काकुळतीला आली.

“हेच घेऊया. या सगळे, इकडून बघा. घोडीच्या पोटात पाय दिसतायत ना? मोजा.”

चित्रकाराने तिचा दंड धरला. “चालती हो इथून.”

तिने हिसडा देऊन हात सोडवला. “सांगून झालं की जाते.”

पाहुणे वाकून बघू लागले. “आहेत की खरंच,” मघाचाच पाहुणा पुटपुटला. मग चित्रकाराशी कोणी नजर मिळवेना. मालकिणीने चित्र उतरवायला लावलं.

ते दोन्ही हातांत धरून तो दाराशी थांबला. “घरी जाऊन जाळतो. मग शोध तुझी हरणं.”

“जाळ,” ती म्हणाली. “सगळ्यांनी पाहिलीत ती.”

तो गेला. मालकिणीने पुढे केलेली खुर्ची तिने पायाने दूर सारली, आणि रिकाम्या भिंतीला पाठ टेकून उभी राहिली.